कुलपाला न पटलेलं दार

“म्हणजे दार लागलंय, पण कुलपाला ते पटत नाही. असंच ना?”

दाजीमहाराजांचा प्रश्न ऐकून हेरंबला हसू आलं.

“तसंच समजा, महाराज. कुलूपच बिघडलंय. उगाच अडून बसलंय.”

“दार चुकतंय की कुलूप चुकतंय, हे कशावरून ठरवलंस?”

“दार बंद दिसतंय की डोळ्यांना!”

“हं...” महाराज म्हणाले.

कासारटेकडीच्या मठात त्या दिवशी मूळपुरुषांची पुण्यतिथी होती. खाली सभामंडप, वर टेकडीच्या माथ्यावर समाधी. मधल्या दगडी पायऱ्या अशा उभ्या, की धडधाकट माणसालाही धाप लागावी. म्हणून गेल्या वर्षी भक्तांनी तिथं लिफ्ट बसवली होती. आणि लिफ्ट म्हटलं की मठात एकच नाव, हेरंब कानडे.

हेरंब इंजिनिअर. कारखान्यातली मोठी जागा सोडून तो महाराजांच्या पायाशी येऊन राहिला होता. नोकरी सुटली, बंगला सुटला, चारचौघांतला मान सुटला. एक गोष्ट तेवढी सुटली नव्हती... पण ती त्याला स्वतःला दिसत नव्हती.

नवा पाहुणा आला की हेरंब त्याला लिफ्टच्या दाराशी उभा करी. “ओढा,” म्हणे, “जोर लावून ओढा.” दार हलत नसे. मग हेरंब सांगे, “आत लोखंडी आकडा आहे. लिफ्टची गाडी समोर येऊन उभी राहिल्याशिवाय तो उचलला जात नाही. आणि आकडा बसल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. माणूस चुकेल, हे कुलूप चुकणार नाही.”

पाहुणे माना डोलवत. महाराज जवळ असले तर तेही ऐकत.

आज तेच कुलूप अडून बसलं होतं. गाडी वर उभी, वरचं दार बंद, बटण दाबावं तर ढिम्म. हेरंबनं लिफ्टच्या कंपनीच्या कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, “संध्याकाळपर्यंत येतो. तोवर बंदच ठेवा साहेब. काही जोडाजोडी करू नका.”

बंद ठेवायची?

सभामंडपात म्हातारी माणसं येऊन बसली होती. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. मठाचे विश्वस्त बापूसाहेब शिरगावे घाम पुसत म्हणाले, “हेरंबराव, दुपारी प्रमुख पाहुणे येणार. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना काय पायऱ्या दाखवायच्या? अहो, तुम्ही असताना?”

तुम्ही असताना... हे शब्द हेरंबला गोड लागले.

तो वर गेला. यंत्राच्या खोलीत शिरला. जाता जाता त्यानं दाराकडे नजर टाकली. दार बंद होतं. आत जाऊन त्यानं वायरचा एक तुकडा घेतला आणि कुलपाच्या दोन टोकांना जोडून टाकला. आकडा बसो न बसो, आता मोटरला एकच कळणार होतं... दार लागलंय.

असं करू नये, हे त्याला ठाऊक होतं. पण ते इतरांसाठी. आपल्याला यातलं सगळं कळतं, असं म्हणून त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं.

लिफ्ट सुरू झाली. मंडपात टाळ्या पडल्या.

“बघा!” बापूसाहेब म्हणाले.

हेरंबनं वाकून महाराजांना म्हटलं, “चला महाराज, पहिल्या फेरीला तुम्ही.”

“कुलपाला पटलं?”

“पटवलं.”

महाराजांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग काठी उचलली आणि पायऱ्यांकडे वळले. रोज लिफ्टनं जाणारा तो वृद्ध माणूस एकेक पायरी चढू लागला. हेरंबच्या मनाला ते लागलं. एवढ्या लोकांसमोर!

थोड्या वेळानं वरून बातमी आली. महाराज लिफ्टच्या दाराशी पाट टाकून बसलेत. दाराला पाठ लावून. गाडी आली की स्वतः बाजूला होतात, माणसांना हात देऊन बाहेर घेतात, गाडी गेली की दार हातानं ओढून घेतात, परत बसतात.

“काय भाग्य!” एक बाई म्हणाली. “साक्षात महाराज स्वागताला!”

हेरंबचा राग कुठल्या कुठं पळाला. त्याला वाटलं, हा आपल्या लिफ्टचाच मान आहे. बोलून दाखवायची त्यांची रीत नाही, म्हणून बसून दाखवताहेत.

मग निरोप आला. “हेरंबाला वर पाठवा.”

“येतो म्हणावं,” हेरंब म्हणाला. पण गाडी भरायची होती. लोक नावानं हाका मारत होते. एक म्हातारबुवा त्याच्या दंडाला धरून म्हणत होते, “तुमच्यामुळं समाधी दिसली हो.”

पुन्हा निरोप आला. “महाराज म्हणतात, मला इथून उठता येत नाही. तू ये.”

“गुडघे धरले असतील,” हेरंब शेजारच्याला म्हणाला. “पायऱ्या कशाला चढले? येतो, म्हणावं.”

तो गेला नाही.

दुपारी पाहुण्यांची मोटार फाटकातून आत आली, तेव्हा बापूसाहेबांनी लिफ्टची गाडी खालीच थांबवून ठेवायला सांगितलं आणि हेरंबला वर पिटाळलं. “महाराजांना सांगून या, पाहुणे आले.” लिफ्ट अडवलेली, म्हणून हेरंब पायऱ्यांनी निघाला.

शेवटच्या पायऱ्यांवर तो दम खायला थांबला. तिथून लिफ्टचं दार समोर दिसत होतं. पाटावर महाराज, आणि त्यांच्या अंगावरून पुढं झुकलेली एक म्हातारी.

सगुणाआजी. मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. दर्शन झालं होतं, घरी जायची घाई होती.

“गाडी आली का वो?” असं म्हणत तिनं महाराजांच्या खांद्यावरून हात लांबवला, चाचपत दाराची कड धरली आणि गोठ्याचं दार ओढावं तसं ओढलं.

दार सरकलं.

आत गाडी नव्हती. आत काहीच नव्हतं... काळोख, त्यात लोंबणारे दोर, ग्रीसचा वास, आणि फार खालून येणारा भजनाचा आवाज.

महाराजांनी एक हात आडवा टाकून चौकट धरली होती. दुसऱ्या हातात आजीचं मनगट घट्ट होतं.

“आजी, गाडी खाली आहे,” ते म्हणाले. “जरा मागं सरून बसा.”

आजी मागं सरली. भिंतीला टेकली. तिला काही दिसलंच नव्हतं. पण तिला एक प्रश्न पडला, आणि तो तिनं मोकळेपणानं विचारला.

“गाडी खाली, तर मग दार कसं उघडलं वो?”

महाराजांनी दार ओढून घेतलं आणि पायऱ्यांकडे पाहिलं.

हेरंब तिथंच उभा होता. त्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या टेकडीवर एकाच माणसाला ठाऊक होतं.

तो यंत्राच्या खोलीत गेला. मुख्य खटका खाली पाडला. वायर उपटून काढली. परत आला तो महाराजांच्या समोर गुडघ्यांवर बसला आणि दाराखालच्या खाचेत वाकून पाहिलं.

खाचेत चुरमुरे होते. खोबऱ्याचे तुकडे होते. कुणाच्या तरी हातून प्रसाद सांडला होता, पायांखाली चेंगरून तिथं घट्ट बसला होता. दार शेवटचं नखभर लागत नव्हतं. नखभरच. त्यामुळं आकडा पडत नव्हता, आणि दार कुणीही ओढलं की सरकत होतं.

कुलूप बिघडलंच नव्हतं. सकाळपासून ते खरं तेच सांगत होतं.

“तुम्हाला... तुम्हाला हे कसं कळलं, महाराज?”

“कळलं कुठं? ढकलून पाहिलं.”

हेरंबला वर बघवेना. महाराजांच्या पायांवर नजर गेली. पाटावर बसून बसून घोटे सुजले होते.

खालून बापूसाहेबांची हाक आली. “हेरंबराव! गाडी का हलत नाही?”

हेरंब उठला. अडखळत म्हणाला, “खाली सांगतो... लिफ्ट बिघडली म्हणून.”

“बिघडली आहे?”

“...नाही.”

मग हेरंब पायऱ्या उतरू लागला.

मंडपात पाहुणे खुर्चीवर बसले होते. लोक वाट बघत होते. हेरंब मधोमध जाऊन उभा राहिला. इथंच उभा राहून त्यानं किती जणांना त्या कुलपाची गोष्ट सांगितली होती!

“लिफ्ट बंद केली आहे,” तो म्हणाला.

“अहो, सकाळपासून तर चालतेय!” बापूसाहेब म्हणाले.

“चालत होती. चालायला नको होती.” हेरंब म्हणाला. “कारागिरानं नको म्हटलं होतं. मी वायर जोडून कुलूप मोडीत काढलं. वरचं दार गाडी नसताना उघडत होतं. महाराज दाराशी बसले ते... स्वागताला नव्हे. माणूस आत पडू नये म्हणून बसले होते.”

मघाशी ‘काय भाग्य’ म्हणालेली बाई दर्शन घेऊन कधीच खाली आली होती. तिच्या कडेवर बाळ होतं. ती हेरंबकडे बघत राहिली. मग बाळाला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं, हेरंबपासून लांबच्या बाजूला.

कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पाहुण्यांनी खालूनच समाधीला हात जोडले. वर अडकलेल्या म्हाताऱ्यांना उतरवण्यासाठी हेरंबनं खुर्ची मागवली. तरुण मंडळी पुढं झाली, पण पुढची बाजू त्यानं कुणाला धरू दिली नाही. सगळ्यांत आधी सगुणाआजीला घेतलं.

निम्म्या वाटेवर आजी म्हणाली, “देव तुझं भलं करो रं लेकरा. यंत्र बंद पडलं, तर सोता उचलून न्यायला लागलास.”

हेरंब थांबला. खुर्ची पायरीवर टेकवली.

“आजी, मघाशी तुम्ही विचारलंत ना, दार कसं उघडलं...”

“व्हय.”

“माझ्यामुळं उघडलं. कुलूप मी काढून टाकलं होतं. महाराज आडवे नसते, तर तुम्ही खाली पडला असता.”

आजीनं न दिसणारे डोळे त्याच्या आवाजाकडे वळवले.

“मेले असते व्हय मी?”

“व्हय, आजी.”

आजीचा हात चाचपत चाचपत खुर्चीच्या दांड्यावर आला, हेरंबच्या बोटांना लागला आणि तिथून मागं गेला.

“हळू उतर,” ती म्हणाली. “पायऱ्या गुळगुळीत झाल्यात.”

ऊन कलल्यावर कारागीर आला. त्यानं दाराची खाच खरवडून साफ केली, आकडा पडतोय ना ते परत परत पाहिलं, गाडी वर-खाली नेली. कुलपात काहीही दोष नव्हता. निघताना त्यानं हेरंबकडे एकदा पाहिलं.

महाराज समाधीच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते. कुणी तरी आणलेल्या कोमट पाण्यात पंचा बुडवून घोट्यांवर ठेवला होता. हेरंब आला, खाली बसला. पंचा थंड झाला होता, तो पिळून त्यानं पुन्हा ठेवला.

“तुम्ही दोनदा निरोप पाठवलात,” तो म्हणाला. “मी आलो नाही.”

“हो.”

“मला वाटलं... तुम्ही माझा मान करताय.”

महाराजांनी डोळे मिटले होते. झाडात पाखरं येऊन बसत होती, त्यांचा गलबला चालला होता.

हेरंबनं कनवटीची यंत्राच्या खोलीची चावी काढली आणि महाराजांच्या पुढ्यात ठेवली. मान वर न करता म्हणाला, “हे काम आता माझ्याकडे नको, महाराज. दुसऱ्या कुणाला द्या.”

“कुणाला देऊ?”

“ज्याच्या हातून असं कधी होणार नाही, अशा माणसाला.”

महाराजांनी डोळे उघडले. चावी उचलली, पुसली आणि हेरंबच्या हातात परत ठेवून त्याची मूठ मिटवली.

“आपल्या हातून असं कधी होणारच नाही, म्हणणारा माणूस भेटला ना, हेरंबा, तर त्याला मी त्या दाराच्या आसपास फिरकू देणार नाही.”