मुक्ताजीची ताबापावती

पिंपळउतार गावात एक भोळा पोलीस शिपाई होता, मुक्ताजी. कमरेच्या पट्ट्यावर त्याचा भारी जीव. जेवायला बसला तरी पट्टा सोडायचा नाही.

चौकीसमोर गोदूकाकू राहायच्या. दिवसभर खिडकीत बसून गावातली पोरं मोजायच्या. एकदा त्यांनी वर्दी दिली, आठ वर्षांची शेवंता एकटीच दुकानात निघालीय, आईला काही काळजी आहे का? मुक्ताजी धावला. पोरीला गुळाच्या पुडीसकट चौकीत आणून बसवलं. आई हातातलं खुरपं तसंच घेऊन रडत आली. फौजदारसाहेब म्हणाले, "अरे, आधी पोराला विचारावं, आई कुठंय. आई हाकेच्या अंतरावर असली की गुपचूप परत यावं. असाच चुकत राहिलास तर पट्टा काढून घेईन."

मुक्ताजीने ते घोकून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी काकू सांगत आल्या, तीन वर्षांचा किसना विहिरीच्या काठावर ओणवा झालाय. या खेपेला काकूंचं अगदी खरं होतं. मुक्ताजीने जाऊन किसनाला विचारलं, आई कुठंय? किसनाने बोट दाखवलं. आई पलीकडच्या वाफ्यात कांदे लावत होती. हाकेच्या अंतरावरच. मुक्ताजी गुपचूप परत आला. हाक मारायला साहेबांनी सांगितलं नव्हतं. नशीब, पाण्याला आलेल्या एका बाईने किसनाचा सदरा धरला. साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "पाण्याजवळ पोर दिसलं की आधी उचलायचं, मग विचारायचं."

तिसऱ्या दिवशी काकूंची वर्दी, मागच्या आळीत तान्हं बाळ घसा फोडून रडतंय, कुणी बघत नाही. मुक्ताजी गेला. अंगणात आजी पाय पसरून बसलेली, पायांवर बाळ पालथं घातलेलं, शेजारी ऊन पाण्याचं घंगाळ. पाणी होतं, पोर होतं. त्याने उचललं आणि चौकीकडे पळाला. बाळ तेलाने बुळबुळीत, मागे आजी तांब्या उगारून. त्या तांब्याचा पोचा साहेबांच्या टेबलावर अजून आहे.

साहेब दात खाऊन म्हणाले, "आता एवढंच कर. पोर सापडलं की मोठ्या माणसाच्या ताब्यात द्यायचं आणि ताबापावतीवर अंगठा घ्यायचा. ही शेवटची संधी."

चौथ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर चार वर्षांचा मुलगा एकटाच बसलेला काकूंना दिसला. तो साहेबांचाच श्रीरंग होता. मुक्ताजीने त्याला चौकीत आणलं. साहेब कोर्टात गेलेले. ताबा देणारा मुक्ताजी, मग घेणारा दुसरा कुणीतरी हवा. चौकीत मोठं माणूस एकच होतं, कोठडीतला शेळीचोर. मुक्ताजीने कुलूप काढलं, पोर त्याच्या हाती दिलं आणि अंगठा घेतला.

साहेब परतले. त्यांनी पावती वाचली. तसेच घराकडे पळाले. श्रीरंग ओट्यावर लाडू खात होता. चोराने त्याला घर कुठंय ते विचारलं, आईजवळ आणून सोडलं, पाणी प्यायला आणि गेला. चार दिवसांत एवढं डोकं चालवलेला तो एकटाच.

मागून मुक्ताजी धापा टाकत पोचला. पोर सुखरूप, पावती खिशात, पट्टा वाचला म्हणून तो खूश होता.

"आणि चोर?" साहेबांनी विचारलं.

"त्याची काळजी नको, साहेब. तो मोठा आहे. एकटा जाईल."