भरलेली झोळी

"…मग होकार देऊन टाकू ना, बाबा?"

सारंगने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा चेतननाथबाबा धुनीतली राख सारखी करत होते. आताही तेच करत होते.

मठाच्या ओसरीवर ऊन येऊन बसलं होतं. खाली पूर्णेचं पाणी संथ वाहत होतं. एका सारंगचा जीव सोडला, तर तिथं सगळंच संथ होतं.

"दिवस मावळायच्या आत कळवायचंय त्यांना. नाही कळवलं तर…"

"तर?"

"तर संपलंच सगळं."

"काय संपलं?"

सारंगला राग आला. ज्या माणसाने उभ्या जन्मात मोबाइल हातात धरला नाही, त्याला काय समजावायचं? पण दुसरं विचारायला कुणी नव्हतं. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

सारंग देवणीकर बारवांवर लिहायचा. दगडी पायऱ्यांच्या त्या जुन्या विहिरी मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांत उतरायचं, फोटो काढायचे, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि 'पायऱ्या' नावाच्या आपल्या ब्लॉगवर ते मांडायचं. त्यापायी त्याने कॉलेजातली नोकरी सोडली होती. याच मठामागची बारव बघायला म्हणून तो पहिल्यांदा इथं आला आणि मग येतच राहिला.

सुरुवातीला वाचणारे मोजकेच होते. त्यांना तो ईमेलने प्रत्येक नवा लेख पाठवायचा. मग 'चव्हाटा' नावाचं ॲप आलं. त्यावर लेख टाकला की वाचकांची नुसती झुंबड. सारंग हरखून गेला. स्वतःच्या ब्लॉगकडे त्याने वळूनही बघितलं नाही. ईमेल पाठवणंही सोडून दिलं. एवढे लाखभर वाचक असताना ती उठाठेव कोण करणार? मान जरा ताठच झाली होती पठ्ठ्याची.

आणि एके दिवशी ॲपवाल्यांनी लोकांना आधी काय दाखवायचं, याचं गणित बदललं. सारंगचे लेख तळाला गेले. वाचक आटले. दोन वर्षांचं होत्याचं नव्हतं झालं, आणि तेही कुणी भांडलं नाही, रागावलं नाही, नुसतंच झालं.

तेव्हापासून त्याला झोप नव्हती. दर थोड्या वेळाने तो मोबाइल काढून बघायचा आणि आणखी घाबरून खिशात ठेवायचा.

अशात त्यांचाच निरोप आला. फक्त आमच्यासाठी लिहा. तुमचा ब्लॉग बंद करा, दुसरीकडे एक ओळ टाकू नका. आम्ही तुम्हाला सगळ्यांच्या पुढे ठेवू.

"भली माणसं दिसतात," बाबा म्हणाले.

"म्हणजे होकार देऊ?"

"जेवलास का?"

"भूक नाही मला."

"मला आहे. चल."

बाबांनी खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"आज खांदा धरलाय माझा. तू धर. एका दारात एक घास, एवढंच ध्यानात ठेव."

सारंगने झोळी खांद्याला अडकवली. मोबाइल एकदा बघून घेतला. निघाले.

पहिलं दार देशमुखांचं. दुमजली घर, दारात मांडव. नातवाचं बारसं होतं.

"अलख," बाबांनी आवाज दिला.

सुभद्राकाकू देशमुख स्वतः ताट घेऊन बाहेर आल्या. पुरणपोळ्या, भजी, भात, वर तुपाची धार.

"बाबा, आज नाही म्हणायचं नाही. आन एक बोलू का? या वयात दारोदार कशाला फिरायलात? उद्यापासून हितंच या. रोज पान वाढून ठेवते. निस्ती एक गोष्ट… मग दुसऱ्याच्या दारी जायचं नाही. देशमुखांच्या घरचे महाराज चतकोर मागत फिरतात म्हणलं की बरं दिसत नाही."

सारंगने चमकून बाबांकडे बघितलं. हेच शब्द त्याच्या मोबाइलमध्ये होते, जरा शुद्ध भाषेत.

बाबा हसले.

"एक घास घाल, माय."

"रोजचंच तुमचं," काकू म्हणाल्या आणि घास घातला. मग त्यांचा हात थांबला नाही. अन् सारंगने झोळीही मागे घेतली नाही. म्हातारा माणूस, एक दिवस तरी पोटभर जेवेल, असं त्याच्या मनात आलं. पोळ्या पडल्या, भजी पडली, भात पडला. झोळी चांगली जड झाली.

बाबा तोवर रस्त्याला लागले होते.

"बाबा, झालं की. दोघांना पुरून उरेल. परत फिरू या."

बाबांनी झोळीकडे बघितलं. पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"अलख."

आत शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. रझिया बाहेर आली. गावच्या बायकांचे ब्लाउज शिवणारी, चाळिशीची बाई. हातात चतकोर भाकरी होती, वर ठेचा.

तिची नजर झोळीवर गेली. तुपाने कापड ओलं झालं होतं. पुरणाचा वास सुटला होता.

भाकरीचा हात हळूच ओढणीमागे गेला.

"आज भरलीय की, बाबा. त्यात हे कोरकं कुठं घालता… उद्या देते."

ती आत गेली. यंत्राचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

तिसऱ्या दारी म्हातारे नामदेव गुरव बाजेवर बसले होते. त्यांनी नाक वर केलं.

"देशमुखांचं बारसं पावलं म्हणायचं, बाबा. बरं झालं. मग आज आमची रजा."

आणि ते बाजेवरून उठलेच नाहीत.

रोज घास घालणारी ही दारं आज एकामागून एक मिटत होती आणि झोळी त्याच्याच खांद्यावर होती. उद्या काकू रुसल्या तर? पाहुणे आले, आजारपण आलं, नुसता विसर पडला तर? हा म्हातारा उपाशी राहील, आणि तेही आपल्यामुळे. त्याला खरोखरच भीती वाटली.

चौथ्या दाराला कुलूप होतं. बाबा तिथंही उभे राहिले.

"अलख."

"बाबा, कुलूप आहे."

"दिसतंय."

"माणसं कुठं आहेत?"

"ऊसतोडीला गेलीत."

"मग कुणासाठी आवाज देताय?"

"येतील की परत…"

शेजारच्या घरातली एक म्हातारी खिडकीतून बघत होती. बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. तिनेही हलवली. इतकंच झालं आणि ते वळले.

सारंगचा मोबाइल थरथरला. त्याने घाईघाईने काढला. 'चव्हाटा'वाल्यांची आठवण होती: आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत. ऊन उतरायला लागलं होतं.

"बाबा, मला वेळ नाही हो. तुम्ही एकदा काय ते सांगा."

बाबा मारुतीच्या पारापाशी थांबले. पोरं विटीदांडू खेळत होती. बाबांनी सारंगच्या खांद्यावरची झोळी काढून पारावर उघडली. पोरांना सांगावं लागलं नाही. पोळ्या, भजी, भात… बघता बघता फडशा पडला.

त्यातला पोळीचा एक घासभर तुकडा तेवढा बाबांनी आधीच काढून पानावर ठेवला होता.

मग ते नदीवर उतरले. झोळी उलटी केली, तुपाचा डाग चोळला, पिळली, झटकली आणि ओलीच सारंगच्या खांद्यावर टाकली. पानातला तुकडा तिच्यात ठेवला.

"चल."

"आता कुठं?"

"मागं."

पुन्हा रझियाचं दार.

"अलख. माय, भूक लागलीय."

रझिया बाहेर आली. तिने चपटी, ओली झोळी बघितली. मग बाबांकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम निवला. आत जाऊन तीच चतकोर भाकरी घेऊन आली.

"कडा काढल्यात बघा. दाढ ठणकती ना तुमची अजून?"

"कमी आहे आज."

"परवाबी हेच म्हणलात." तिने भाकरी झोळीत घातली आणि सारंगकडे बघितलं. "हे कोण?"

"बारवांवर लिहितो."

रझियाने त्याला नीट न्याहाळलं.

"वरखेड्याची बारव… तुमीच लिहिली होती का? उन्हाळ्यातबी चौथी पायरी पाण्यात असती म्हणून?"

"हो. मीच," सारंग म्हणाला.

"माझं माहेर ते. त्याच पायरीवर बसून अम्मी कपडे धुवायची. मोबाइलवर आलं होतं एकदा, वाचताना रडू आलं मला. अम्मीला वाचून दाखवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी हुडकलं, तर सापडंना. लई हुडकलं. आता ती अंथरुणाला खिळलीय…"

"माझ्या ब्लॉगवर आधीपासून आहे की ते. तिथं कधीही वाचता येतं."

"कुठं?"

"'पायऱ्या'वर. माझा स्वतःचा पत्ता आहे."

"मग तसं कुठं सांगितलं होतं तुमी?"

दोन वर्षांत त्याने ते कुठंच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय, असं त्याला वाटलं होतं. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

रझियाच्या कानावर कापडावर खुणा करायचा खडू अडकवलेला होता. त्याने तो मागितला. दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, त्याने मोठ्या अक्षरांत ब्लॉगचा पत्ता लिहिला. एक अक्षर चुकलं, ते पुसून पुन्हा काढलं.

"नवं काही लिहिलं की तुम्हाला कळवू का? तुमचा नंबर दिलात तर…"

"कळवा की. गुरवकाकांच्या सुनेचं माहेरबी तिकडलंच. तिलाबी सांगते."

तिने नाव सांगितलं, नंबर सांगितला. त्याने तो मोबाइलमध्ये घातला, नावासकट. मग ती आत गेली आणि यंत्र चालू झालं.

गुरवांच्या दारी या खेपेला म्हातारे बाजेवरून उठले. "पुरण पोरांनी खाल्लं वाटतं," असं पुटपुटत त्यांनी वरणाची वाटीच आणून सारंगच्या हातात दिली.

दोघं घाटाच्या पायरीवर बसले. बाबांनी झोळी मांडीवर घेतली. पोळीचा तुकडा, चतकोर भाकरी, वरण. फार नव्हतं.

सूर्य पलीकडच्या बाभळींना टेकला होता. सारंगने पुन्हा मोबाइल काढून बघितला.

"बाबा, ही एक बाई झाली. फार तर ती गुरवांची सून. तिकडं लाख होते हो… लाख."

"त्यांतलं एक नाव सांग."

"काय?"

"नाव. त्या लाखातलं."

सारंग आठवायला लागला. बराच वेळ आठवत राहिला. एकच नाव आलं, आणि तेही त्याला आत्ताच कळलं होतं.

नदीवरून गार वारा आला. बाबा भाकरीचे दोन भाग करत होते.

"पण यावर माझं भागेल का, बाबा? उद्या ही दारंही नाही उघडली तर? मला भीती वाटते हो. खरंच वाटते."

बाबांनी मान हलवली, जशी त्या खिडकीतल्या म्हातारीला बघून हलवली होती. अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली.

सारंगने ती घेतली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागल्याचं कळलं.

इतक्यात मोबाइल वाजला. या वेळी निरोप नव्हता, फोनच होता. पडद्यावर 'चव्हाटा' अशी अक्षरं उमटत होती, विझत होती, पुन्हा उमटत होती. सारंगचा घास हातातच राहिला.

"त्यांचाच आहे… बाबा, काय सांगू?"

बाबांनी पोळीचा तो एवढासा तुकडा वरणात बुडवला.

"म्हणावं, एक घास घाला."