लाजाळूचा मुजरा

हैबतराव जहागीरदारांना मुजऱ्याची भारी हौस. बागेत त्यांनी मुद्दाम लाजाळू लावली होती. तिला दोन वेळा पाणी, वर शेणखत. साहेबांनी बोट लावलं की ती पानं मिटून लवायची, आणि साहेब खूश व्हायचे.

शेजारी त्यांच्या आत्याबाईंनी लावलेला प्राजक्त होता. त्याला कुणी तांब्याभर पाणीही घालत नसे, तरी तो रोज पहाटे अंगणभर फुलांचा सडा घालायचा. पण साहेब समोर आले तरी आपला ताठ उभा.

एकदा चारचौघांसमोर साहेबांनी हुकूम सोडला, "या माजोरड्याला तोडा. झाडालासुद्धा आपला धनी ओळखता यायला हवा."

माळी कुऱ्हाड घेऊन आला. आत्याबाई गोठ्यात गेल्या आणि शेळी सोडून घेऊन आल्या. शेळीनं हुंगायला नाक लावलं, तशी लाजाळू पानं मिटून साहेबांसमोर लवायची तितकीच लवली.

"हैबती," आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या लाजाळूनं धनी ओळखला. आता एका गादीवर तुम्ही दोघं कसे बसणार, तेवढं ठरव."

मंडळी माना खाली घालून हसू दाबू लागली. प्राजक्त अजून उभा आहे.