खंडेनवमीचा रंग

यंत्रं आपसांत बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात लोखंड कातणारा म्हातारा लेथ होता. वेग बदलायला मालकाने दांडा ओढला, की दांडा अडे आणि लेथ कुथत बसे. मग त्याला धडकी भरे, ‘आता मला भंगारात काढणार!’ खंडेनवमीच्या पूजेला दरवर्षी अंगावर नवा रंग चढे, तेवढाच त्याला धीर वाटे.

तेलाची बुधली म्हणाली, “आजोबा, तेल घालायचं भोकच रंगाने बुजलंय. खरवडा की!”

“नको गं! जुनाट दिसलो तर विकतील.”

एके सकाळी मालकासोबत भंगारवाला आला. लेथने डोळे मिटून अंग गदागदा हलवलं. रंगाचा पोपडा उडाला, बुधली भोकावर कलंडली, तेल आत उतरलं. मालकाने शेवटचं म्हणून दांडा ओढला, तर तो खट्कन जागेवर बसला!

पुढच्या खंडेनवमीला ब्रश जवळ येताच लेथ खेकसला, “हार चालेल. तू मात्र लांबूनच नमस्कार कर!”