केतकवेळच्या देवळाला दार नाही

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि केतकवेळच्या शंकराच्या देवळाला दार होतं. जाडजूड, सागवानी, पितळी कडीचं. केतकवेळला ही गोष्ट फुशारकीने सांगत नाहीत. सांगणाऱ्याने मान खाली घालायची आणि ऐकणाऱ्याने हसायचं नाही, अशी रीत आहे. कारण त्या वेळी जे हसले, ते आपलेच पूर्वज होते.

देऊळ खाडीच्या मुखाशी, टेकाडावर आहे. तिथे केरोबा नावाचा गुरव पूजा करत असे. त्याच्या हाताला धुपाचं वरदान होतं, असं म्हणतात. राळ, वाळा, नागरमोथा आणि उन्हात सुकवलेला दवणा तो एकत्र कुटायचा, त्यात गाईचं तूप घालायचा आणि करवंटीच्या निखाऱ्यावर चिमूटभर सोडायचा. धूर उठला की रडकं पोर गप्प व्हायचं आणि भांडून आलेली माणसं डोळे मिटून बसायची. गाव रोज संध्याकाळी धुपाला बसे. वास श्वासाबरोबर आत जाई आणि त्याच्यामागून मनही आत जाई. म्हातारी माणसं म्हणत, नामाला जीभ लागते, दर्शनाला डोळे लागतात, धुपाला नुसता श्वास पुरतो.

वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे आपण सगळे जाणतो. केरोबाने हाच नियम धुपाला लावला. कुटताना तो नाकाला पंचा बांधी, म्हणजे देवाआधी आपण वास घेतला असं व्हायला नको. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्याला वाटू लागलं की दुसरा वास मिसळला तरी धूप उष्टा होतो. मग तो उंबऱ्यात उभा राहून येणाऱ्याचा वास घेऊ लागला. कोणी शेणातून आला की परत, कोणी घामाने डबडबलेला आला की परत. आणि धूप पेटला की दार बंद. त्याच्या बापाच्या वेळी दार सताड उघडं असायचं.

एका माघात दर्यावर धुकं उतरलं आणि उठेचना. काशा कोळी आणि त्याचा धाकटा भाऊ पोशा होडी घेऊन गेले होते, ते परतले नाहीत. काशाची बायको, धाकली तिचं नाव, माशांची टोपली घेऊन तशीच देवळाशी आली.

"गुरवदादा, धनी आणि दीर दर्यावर हायत. धुक्यात दिवा दिसत नाय. धुपाच्या वेळी दार उघडं ठेवा. माझा सासरा या वासावर होडी घरी आणायचा."

"धूप देवासाठी असतो, होड्यांसाठी नाही," केरोबा म्हणाला. "आणि दार उघडलं की तुझ्या टोपलीचा वास आत येतो. माणसांचं ध्यान मोडतं. आधी तो वास घालव, मग बघू."

धाकली घरी गेली. राखेने अंग घासलं, शिकेकाईने केस धुतले, धुवट लुगडं नेसली आणि दुसऱ्या संध्याकाळी आली. केरोबा वाकला, वास घेतला, म्हणाला, "अजून येतो."

मंडपातून कोणीतरी बोललं, "धाकले, तुझी सावलीपण वाळत घाल. तिलापण बोंबलाचा वास आहे."

लोक हसले. दार बंद झालं. आत सगळे डोळे मिटून बसले, आणि त्या दिवशी ध्यान फार छान लागलं, असं म्हणतात. आपल्या गावाची यापेक्षा मोठी लाज दुसरी नाही.

तिसऱ्या संध्याकाळी ती आली तेव्हा तिने वाळूने अंग घासलं होतं. दंड सोलवटले होते. तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"घ्या वास. आता रक्ताचा येतोय का मासळीचा, ते सांगा."

केरोबाने नजर वळवली. "उद्या बघू," म्हणाला आणि दार लावून घेतलं. धाकली खालच्या पायरीवर बसून राहिली.

सकाळी केरोबाने दार उघडलं तर गाभाऱ्यात मासळीचा वास. ओल्या जाळ्याचा, खाऱ्या पाण्याचा, घमघमीत वास.

"मांजर शिरलं असेल," शेजारचा दाजी म्हणाला. केरोबाने कोपरान् कोपरा धुतला, गोमूत्र शिंपडलं, मुठीने धूप घातला. वास हलेना. शेवटी तो पिंडीजवळ गेला. पिंडीवर बेलाच्या पानांच्या जागी माशाचे खवले चिकटले होते. अभिषेकाचं पाणी सुकून त्याचं मीठ झालं होतं. आणि ओल्या वाळूची एक ओळ पिंडीपासून निघून, बंद दाराखालून, थेट खालच्या पायरीपर्यंत गेली होती.

देव बाहेर जाऊन बसला होता. आत, त्या सगळ्या सुगंधात, तो नव्हताच.

केरोबा रडला असं काही सांगतात. काही सांगतात की त्याला रडायचीही लाज वाटली. त्याने महाशिवरात्रीसाठी कुटून ठेवलेल्या धुपाचं मडकं उचललं, शेगडी घेतली आणि किनाऱ्यावर गेला. धाकली पहाटेच पायरीवरून उठून पाण्याच्या काठाशी येऊन उभी राहिली होती.

"धाकले, तुझ्याशी बोलायला मला तोंड नाही."

"तोंड राहू दे," ती म्हणाली. "निखारा फुंक. वारा जमिनीवरून दर्याकडे सुटलाय."

त्याने फुंकला. गावाने टेकाडावरून धूर पाहिला आणि एकेक माणूस घरातला निखारा शेगडीत घेऊन खाली उतरला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मडकं रिकामं झालं तरी धूर थांबला नाही, असं म्हणतात. तो पाण्यावरून सरळ चालत गेला, आणि तो गेला तिथे धुक्यात भांगासारखी वाट पडली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या वाटेने होडी आली. काशा एकटाच वल्हवत होता. पोशा शिडाच्या कापडाखाली निजला होता, आणि तो उठणार नव्हता.

काशा उतरला. वाळूतल्या शेगड्या पाहिल्या. लोक पाहिले.

"आज पेटवला व्हय धूप?" त्याने विचारलं. "पोशा काल सांजपर्यंत नाक वर करून विचारत होता, दादा, देवळाचा वास येतो का रं. आम्ही लई लांब नव्हतो."

 

केरोबा टेकाड चढून गेला. त्याने देवळाचं दार बिजागऱ्यांतून उपटलं, पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. पोशाच्या चितेला ते सागवान लागलं. त्यावर टाकायला धूप उरला नव्हता. नुसत्या लाकडाचा वास येत राहिला, आणि सगळं गाव त्या वासात बसलं.

धाकलीने त्याला माफ केलं का, हे गोष्टीत नाही. विचारणाऱ्याला गावातली माणसं सांगतात, ते तिचं ती जाणे. केरोबाने पुढे जन्मभर पूजा केली, पण धुपाला तो आत कधीच बसला नाही. खालच्या पायरीवर बसे.

आजही देवळाला दार नाही. कोणी देणगी देऊन बसवतो म्हणाला, तर गाव हात जोडून नको म्हणतं. धुपाची पहिली चिमूट अजून किनाऱ्यावर, दर्याकडे तोंड करून सोडतात, तिला केरोबाची चिमूट म्हणतात. मग गुरव वर येतो, उंबऱ्यावर उभा राहतो आणि मोठ्याने विचारतो, "बाहेर कोण राहिलंय?"

आतले सगळे तेव्हा डोळे उघडे ठेवून बसतात. कोणी ना कोणी उठून खालच्या पायरीपर्यंत बघून येतो. तो येऊन सांगेपर्यंत निखाऱ्यावर काही पडत नाही.