कालव्याकडे पाठ

एकदा एका कालव्याच्या काठी, घराघरांना कुंपण घालून देणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. सगळे त्याला तात्या म्हणत. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य काम शिकत होता. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली होती आणि कामातही त्याला धीर नव्हता. खड्डा पुरता खणून होण्याआधीच तो खांब उचलून आणी.

मागच्या वेळी कालव्याला पाणी सुटले, तेव्हा या शिष्याचा थोरला भाऊ गेला. पायऱ्यांवरून बादली भरायला तो वाकला, हातातला कठडा मोडला आणि पाण्याने त्याला नेले. मागे त्याची बायको राहिली आणि नुकती पाऊल टाकू लागलेली मुलगी, ठमी. त्यांचे परसदार थेट कालव्यावर उघडत होते.

आता कालवा कोरडा होता. तरी त्या घरात भीती कान देऊन बसलेली असे. ठमीच्या पायांत वाळे होते. घुंगरू वाजत असले की घर श्वास घेई. आवाज थांबला की वहिनी हातातले टाकून धावे. भाकरी ती परसदारी थापे, कालव्याकडे तोंड करून. जेवायलाही तशीच बसे. घास तोंडात, नजर पलीकडे.

एके सकाळी कालव्याचे पाणी सोडणारा पाटकरी ओरडत गेला, “सोमवारी पाणी सुटतंय हो! पोरंबाळं सांभाळा!”

ते ऐकताच शिष्य तात्याला न विचारता बाजारात धावला. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप दुकानात शिल्लक नव्हते.

“पुढच्या आठवड्यात येतील,” व्यापारी म्हणाला. “तोवर हे ने ना. चंदेरी रंग मारलाय. बघ कसा चमकतोय, नवरदेवासारखा!”

“टिकेल ना?”

“अरे, तू म्हातारा होशील, हा नाही व्हायचा.”

शिष्याने त्याच दिवशी खांब रोवले, वरून आडवे पाइप टाकले, तारेची जाळी बांधली. संध्याकाळी वहिनीने ते कुंपण पाहिले आणि कित्येक दिवसांनी ती भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या सकाळी तात्या आला. त्याने एका खांबावर कानस फिरवली, खाली वाकून पाहिले आणि जाळीच्या तारा सोडायला सुरुवात केली. मग अजून कच्च्या सिमेंटातून एकेक खांब उपटून त्याने आडवा केला. वहिनीने ठमीला छातीशी आवळले.

शिष्य पहार घेऊन धावून आला. “डोकं फिरलं का तुमचं, तात्या? पाणी येतंय!”

“म्हणूनच काढतोय.”

“माझा भाऊ गेलाय. तुमचं कोण गेलंय?”

शिष्याचे मनगट धरून तात्या त्याला कालव्याच्या पायऱ्यांकडे घेऊन गेला. भाऊ गेल्यापासून शिष्याने तिथे पाऊल ठेवले नव्हते. पायरीच्या कडेला मोडलेल्या कठड्याचा बुंधा उरला होता. वर चंदेरी, आणि जिथे तो सिमेंटात शिरत होता तिथे गंजाने खाल्लेला.

“नीट बघ,” तात्या म्हणाला. “दर जत्रेच्या आधी गाव याला रंग द्यायचं. बुडाशी पाणी साचायचं, तिथं कुणी कानस लावून पाहिली नाही. तुझ्या भावाचा तोल गेला नव्हता रे. कठडा आहे म्हणून तो ओणवला. कठडाच नसता, तर त्यानं खाली बसून बादली भरली असती. कुंपण नाही तोवर तुझी वहिनी जागी आहे. ते उभं राहिलं की ती पाठ फिरवील. तिनं पाठ फिरवावी असा खांब पाहिजे. तुझ्या त्या नवरदेवाच्या पोटात बोट घालून ये जा.”

शिष्याने परत येऊन पाइपात बोट घातले. ते गंजाने तांबडे होऊन बाहेर आले.

“पण तात्या,” तो म्हणाला, “सोमवारी काय करायचं?”

“नवे पाइप येईपर्यंत खांब आपण दोघं.”

सोमवारी पाणी आले. पाठीमागे त्याची घरघर, आणि तात्या काठावर उपड्या घमेल्यावर घराकडे तोंड करून बसलेला. शेजारी शिष्य. ठमी दुडुदुडु येई, तात्या काठी आडवी धरी. “परत फिरा, ठमाबाई! इथं जकात नाका आहे.”

अखेर पाइप आले. करडे, निस्तेज, मुळीच न चमकणारे. आत-बाहेर जस्त होते.

“हे जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला गंजू देत नाही,” तात्या म्हणाला. ताणलेली जाळी सगळा भार कोपऱ्यांवर टाकते, म्हणून तिथे त्याने जाड खांब निवडले. आडवे पाइपही जस्ताचा मुलामा दिलेलेच घेतले. कापलेल्या तोंडांना जस्ताचा रंग लावला, माथ्यावर टोप्या बसवल्या आणि बुडाशी सिमेंटला उतार दिला, म्हणजे पाणी थांबणार नाही. या वेळी शिष्याने खड्डे कोणी न सांगता पुरते खणले. सिमेंट घट्ट होईपर्यंत जाळीला हात लावला नाही.

जाळी ताणून झाल्यावर, एका दुपारी घुंगरू थांबले.

वहिनी धावली. शिष्य धावला. ठमी कुंपणाशी होती. दोन्ही मुठींत जाळी धरून, सगळे अंग मागे टाकून ती ओढत होती. पलीकडे कालवा काठोकाठ वाहत होता. जाळी खणखणली. खांब हलला नाही.

वहिनीने मुलीला उचलले नाही. तिने खांबाला हात घातला, सगळा भार टाकून तो एकदा हलवून पाहिला, पुन्हा हलवून पाहिला. मग पदराला हात पुसून ती आत गेली आणि तिने ताटे वाढून बाहेर आणली.

त्या दिवशी वहिनी कालव्याकडे पाठ करून जेवली.