हत्तिणीच्या टाचेचं मलम

जंगलातली वैद्यकी माकडांकडे होती, तेव्हाची गोष्ट. एका हत्तिणीच्या टाचांना अशा भेगा पडल्या, की एकीत तर सरड्याने बिऱ्हाड थाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळप नदीकडे निघणार होता आणि हिला पाऊल टाकवेना.

माकडवैद्यांनी करंजाचं तेल चोळलं. ते भेगेत टिकेना. ओघळून खाली येई आणि त्यावरून मुंग्या घसरून पडत.

"वैद्यबुवा, तेलात थोडं मेण घाला," मध चाटून रिकामं केलेलं पोळं पुढे करत अस्वल म्हणालं. "तापलेल्या कातळावर दोन्ही एकत्र वितळवा आणि सावलीत गार होऊ द्या. मेण तेलाला धरून ठेवेल. मात्र मध्ये हात लावू नका."

वैद्यांनी तसं केलं. पण तेल जरा घट्ट होऊ लागलं, की ते बोट घालून ढवळत. "बघतो हं, झालं का!" म्हणेपर्यंत मेणाची पकड सुटे आणि मलमाचं पातळ पिठलं होई. पुन्हा कातळ, पुन्हा सावली, पुन्हा बोट.

ऊन उतरलं. कातळ निवत चालला.

"अहो, कळप मला टाकून जाईल!" म्हणत हत्तिणीने वैद्यांना सोंडेने उचललं आणि सागाच्या शेंड्यावर नेऊन बसवलं.

संध्याकाळपर्यंत मलम लोण्यासारखं घट्ट झालं. अस्वलाने ते भेगांत भरलं, ते जागचं हललं नाही. सकाळी हत्तीण कळपाबरोबर निघाली.

"गुण आला का?" शेंड्यावरून वैद्य ओरडले.

"आला की!" अस्वल म्हणालं. "तुमच्या हाताला गुण आहेच, बुवा. फक्त तो हात लांब ठेवावा लागतो."